दोरीशी भांडू नकोस

जूनच्या वादळात शेजारच्या नानांच्या गोठ्यावर कडुनिंबाची मोठी फांदी कोसळली. म्हशी बचावल्या, पण गोठ्याचं दार अडलं. नानांचा मुलगा अंगणातूनच ओरडला, "चाचा, मशीन काढा!"

आमच्या गल्लीत लोणखेड्यात ‘चाचांची मशीन’ म्हणजे अब्बांची लाकूड कापायची चेनसॉ. वखारीत कामाला असताना त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. दोन वर्षांपूर्वी अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, आणि मशीन पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली.

मी तिची दोरी ओढायला लागलो. वीस वेळा, तीस वेळा. खांदा भरून आला, मशीन हूं की चूं करेना. "राहू द्या सर, शहाद्याहून कुणाला तरी बोलावतो," नानांचा मुलगा म्हणाला. मीही म्हणून गेलो, "भंगारात घालू, नवीन घेऊ."

अब्बा खाटेवरून उठले आणि काठी टेकत आले.

"दोरीशी भांडू नकोस. आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा."

प्लग काढला. काजळी पुसली, टोपी लावून प्लग इंजिनाच्या धातूला टेकवला आणि टाकीपासून लांब धरून दोरी ओढली. निळी ठिणगी पडली. म्हणजे वीज ठीक होती. पण इतक्या वेळा ओढूनही प्लग कोरडा होता. ओला असता तर पेट्रोल जास्त झालं असं समजायचं. कोरडा म्हणजे पेट्रोल पोचतच नाही.

टाकीचं झाकण उघडलं. अब्बांनी नुसता वास घेतला. "आंबलंय."

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. २०२२ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं, २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. ते उसापासूनही बनतं, आणि आमचा तालुका उसाचा. तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची? पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या मशिनींच्या रबराला ते मानवत नाही. तारेचा आकडा करून टाकीतली नळी बाहेर काढली, तर ती कडक होऊन चिरली होती. टोकाचा फिल्टर चिकट झाला होता.

गोमाईचा पूल ओलांडून शहाद्याहून नळी, फिल्टर आणि टू-स्ट्रोकचं ऑइल आणलं. एक लिटर ताज्या पेट्रोलला वीस मिली ऑइल. या इंजिनाला वंगण वेगळं नसतं, पेट्रोलमधूनच मिळतं. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन जाम होतो. हवेचा फिल्टर भुश्यानं भरला होता, तो ब्रशनं झटकला.

चोक ओढून दोरी ओढली. तिसऱ्या वेळी मशीन एकदा खोकली.

"चोक बंद! आता ओढलास तर पेट्रोलनं बुडेल."

चोक बंद केला. पुढच्या दोन हिसक्यांत निळा धूर सोडत ती सुरू झाली. अब्बांचा डावा हात आपोआप वर गेला, वखारीत कामगारांना थांबवायला जात असे तसा. मग खुर्चीवर बसून ते मला सांगत राहिले: ताण कुठे आहे, कुठून कापलं तर पातं अडकेल, पाय कुठे ठेवायचा. मगरिबच्या आधी दार मोकळं झालं. म्हशी हंबरत आत गेल्या.

घरी आल्यावर अब्बांनी टाकी रिकामी करून घेतली. उरलंसुरलं पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायला लावली. "टाकी भरलेली ठेवून मशीन कधी ठेवून द्यायची नाही."

तेव्हा मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी, दवाखान्याच्या धावपळीत, ती मशीन शेडमध्ये मीच टाकली होती. भरल्या टाकीसकट. ही गोष्ट अब्बांना आंबट वास आला तेव्हाच कळली असणार. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "प्लग एक जादा आणून ठेव. पावसाळा आत्ताच सुरू झालाय."