रक्तवाढीची सलाईन

मागच्या वर्षी माझं हिमोग्लोबिन ७.२ निघालं. लोहाच्या गोळ्या पोटाला सोसेनात, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सलाईनमधून देऊ. औषधाचं नाव फेरिक कार्बोक्सीमाल्टोज. (हे नाव एका दमात म्हणता येणं हीच अर्धी तब्येत!) तपकिरी, काळ्या चहासारखं पाणी. एक ग्रॅम लोह अर्ध्या तासात अंगात गेलं आणि मी रिक्षाने घरी आले.

पहिला आठवडा छान गेला. दहाव्या दिवसाच्या आसपास मात्र डोक्यात धुकं साचल्यासारखं झालं. आठवीच्या वर्गात फळ्यावर गणित अर्धं सोडवलं आणि पुढची पायरीच सुचेना. दूधवाल्याचा हिशोब तीनदा केला, तीन उत्तरं आली. थोरल्याला धाकट्याच्या नावाने हाक मारली, पण ते काय, सगळ्याच आया मारतात. जिना चढताना मांड्या भरून यायच्या. सलाईन देणाऱ्यांना विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, टेन्शन घेऊ नका, वयाचं आहे." वय चव्वेचाळीस!

डॉक्टरकी शिकणारी माझी पुतणी फोनवर म्हणाली, "काकू, फॉस्फरस तपासा." तपासलं. १.६ आलं. साधारण अडीचच्या वर हवं.

तिने समजावलं ते असं. या औषधाने हाडांतून निघणारं एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक वाढू शकतं, आणि मग मूत्रपिंडं लघवीवाटे फॉस्फेट टाकून देतात. पेशींना लागणारी ऊर्जा ज्या रेणूत साठते, त्यातच फॉस्फेट असतं. ते घटलं की थकवा, स्नायूंत अशक्तपणा, आणि फारच घटलं तर गोंधळल्यासारखं होणं. २०२० साली अमेरिकेतल्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत हे औषध घेतलेल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांचं फॉस्फेट घसरलं होतं. दुसऱ्या एका लोहाच्या इंजेक्शनाने दहातल्या एकाचंही नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप सुधारतं, माझंही सुधारलं. गंमत अशी, की ही लक्षणं थेट रक्त कमी असल्यासारखीच. म्हणजे तपासणी केली नाही, तर बाई थकलीय म्हणून आणखी एक बाटली लावायची!

धुकं सगळं फॉस्फरसचंच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मुळात लोह कमी असलं तरी लक्ष लागत नाही, विसरायला होतं. आणि हे वाचून कुणी सलाईन नाकारू नका हो. सहा आठवड्यांनी माझं हिमोग्लोबिन १०.९ होतं.

पण त्या "वयाचं आहे"ने मला आमचं बीड आठवलं. २०१९ साली सरकारने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्याही कधीतरी पोटात दुखतंय, अंगावरून जातंय, एवढंच सांगायला गेल्या होत्या. कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घातली गेली. मला सांगितलं काहीच नाही, त्यांना सांगितलं पिशवीच काढा. नीट तपासायचं मात्र दोन्हीकडे राहिलं. पाळीमुळे एक दिवस कामावर गेलं नाही तरी खाडा भरावा लागतो, तिथे "डोकं चालत नाही" हे बाई सांगणार कुणाला? मुकादमाला?

फॉस्फेट सर्वांत खाली जातं ते साधारण दोन आठवड्यांनी. बीडमध्ये सलाईन घेतलेली बाई तोवर कर्नाटकातल्या फडात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढत असेल.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या वहिनी दिवाळीनंतर टोळीबरोबर निघणार आहेत. हिमोग्लोबिन ७.८, सलाईन ठरलीय. औषधाचं नाव कागदावर लिहून आणा आणि कोणत्या तारखेला निघणार ते डॉक्टरांना आधीच सांगा, असं मी त्यांना म्हटलंय. त्या म्हणाल्या, "बाई, तारीख मुकादम ठरवतो."