माडी बोलू लागली

मैत्रिणींनो, पाचगणी-महाबळेश्वरला तुमच्यापैकी बहुतेकजणी गेल्या असतील. पसरणीचा घाट चढण्याआधी जे गाव लागतं, ते वाई. तिथे थांबून ढोल्या गणपतीला हात जोडायचे, चहा घ्यायचा आणि पुढे निघायचं, असाच सगळ्यांचा रिवाज. मला मात्र वाईला उतरावंच लागतं, कारण ते माझं माहेर. आणि आज जी गोष्ट सांगणार आहे, ती गावाइतकीच आमच्या माडीचीही आहे.

२०२४ च्या माघात मी कृष्णाबाईच्या उत्सवासाठी गेले होते. वाईला नदीकाठी सात घाट, आणि एकेका घाटाचा उत्सव पाळीपाळीने होतो. त्या दिवसांत गाव कसं माणसांनी भरून जातं! पण त्या खेपेला मला उत्सवापेक्षा घर बघायची जास्त उत्सुकता होती. आदल्या उन्हाळ्यात दादानं निवृत्तीच्या पैशांतून वाड्याची दुरुस्ती काढली होती. चौक, ओसरी, माजघर तसंच ठेवलं होतं. माडीची जमीन मात्र सगळी नवी, गुळगुळीत फळ्यांची. जिनाही नवा. पॉलिशचा वास अजून गेला नव्हता. मी आपली कौतुकानं वरखाली करून आले.

रात्री मी आईजवळ माजघरात निजले. आईचं वय चौऱ्याऐंशी. डोळ्यांना कमी दिसतं, पण कान अजून तिखट. मध्यरात्री डोक्यावर 'कर्रर्र' वाजलं. मग दोन पावलांवर पुन्हा 'कुंई'. आई अंधारातच म्हणाली, "सूनबाई उठली. आता खिडकी लावेल."

आणि खरंच, खिडकी लागली!

मला हसू आलं, पण आईला नाही. "दिवाळीपासून अशीच जागी असते ग मी," ती म्हणाली. "त्या पोरीला तरी काय बोलायचं?"

सकाळी वहिनीनं बाकीचं सांगितलं. माडीवर माझ्या भाच्याचं नवं बिऱ्हाड. लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. खाली आजेसासूबाई जागतात, हे त्या मुलीच्या लक्षात आलेलं. तेव्हापासून ती रात्री पाण्याचा तांब्या वर घेऊन जायची आणि एकदा दार लावलं की सकाळपर्यंत जागची हलायची नाही. कुणाजवळ एक शब्द बोलली नाही. नव्या नवरीला आपल्या खोलीत कूस बदलायलाही संकोच वाटावा, हे दुःख तुम्हाला मी वेगळं समजावून सांगायला नको.

दादा कंत्राटदारावर चिडलेला. कंत्राटदाराचं उत्तर एकच, "लाकूड आहे, वाजणारच." मग आता सगळ्या माडीवर गालिचा टाकायचा बेत चालला होता, म्हणजे आणखी खर्च. मी म्हटलं, "दादा, वहिनी नवी होती तेव्हा तीही याच माडीवर राहायची. तेव्हा कुठे काय वाजत होतं?" यावर कुणाजवळच उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाचेसुनेला घेऊन मी मेणवलीला गेले. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट तुम्ही बघितला नसेल, तर पुढच्या खेपेला जरूर बघा. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटात तो घाट आहे, त्यामुळे मुलंही कुरकुर न करता येतील. घाटावरच्या देवळात एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूचं चित्र! १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिकडून आणलेल्या घंटांपैकी ती एक.

वाड्यात हिंडताना सूनबाईनं वरच्या कडीपाटाकडे बोट दाखवून विचारलं, "आत्या, ह्याच्या वर काय असतं?"

मी सहज बोलून गेले, "माती." आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात उजेड पडला.

बायांनो, आपल्या जुन्या वाड्यांची माडी कशी असायची आठवा. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, आणि पाटांवर चांगला चार बोटं मातीचा थर. तो चोपून चोपून बसवायचा आणि वरून सारवायचं. त्या मातीच्या भारानं पाट कड्यांवर घट्ट दाबून बसत, आणि पावलांचा आवाज माती गिळून टाकी. आम्ही माती काढली, फळ्या उघड्या केल्या, आणि माडीला तोंड फुटलं!

परतताना ढोल्या गणपतीला गेलो. १७६२ सालचं हे रास्त्यांचं देऊळ. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, ती पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फाकावं म्हणून. पाणी येणार हे धरूनच बांधणाऱ्यानं भिंत घातली. मला वाटलं, लाकडाचंही असंच धरून चालायला हवं. ते हलणारच. त्याची सोय आधी करायची.

संध्याकाळी आळीतले म्हातारे सुतारमामा आले. त्यांनी जे सांगितलं, ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. लांबीत जवळजवळ नाही, पण रुंदीत नक्की. नीट न वाळलेलं लाकूड तर जास्तच. म्हणून आमची माडी पहिल्या पावसाळ्यात गप्प होती, आणि दिवाळीनंतर बोलू लागली. फळी आकसली की तिच्यातला साधा खिळा सैल होतो. पाय पडला की फळी खिळ्यावर वरखाली सरकते किंवा शेजारणीला घासते, तोच तो आवाज. जिन्यावर पायरीची आडवी फळी तिच्या खालच्या उभ्या फळीला घासते.

"मग माती परत घालू या," मी म्हटलं. मामा म्हणाले, "नको." चार इंच मातीचा भार चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर जातो, आणि आमच्या एका तुळईचं भिंतीतलं टोक कुजल्यामुळे बदललेलं होतं. तेव्हा माती काढण्यात कंत्राटदाराचं चुकलं नव्हतं. मातीचं काम दुसऱ्या कशावर तरी सोपवायला हवं होतं, ते राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी कामाला लागलो. सूनबाई वर सावकाश चालली, मी खाली माजघरात कान देऊन उभी राहिले, आणि मी हाक दिली की वहिनीनं वर खडूनं खूण करायची. हे काम कुणालाही जमतं, आणि यामुळे सुताराची मजुरी वाचते. खुणा झाल्यावर दिसलं की जमीन सगळीकडे वाजत नाही, ठरावीक फळ्याच वाजतात.

मामांनी त्या फळ्यांना स्क्रू मारले. नुसत्या फळीत मारून उपयोग नाही, फळीतून खालच्या कडीत गेले पाहिजेत. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीच्या दुप्पट-अडीचपट, आणि आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर लाकूड चिरतं. खालून विजेच्या तारा गेल्या असतील तर तेवढं आधी बघून घ्या. डोकी आत बसवून वर भुसा आणि डिंक भरला. आईच्या अंथरुणावरचे दोन खण तेवढे पूर्ण उचलले, आणि कड्यांवर जाड नमद्याच्या पट्ट्या टाकून फळ्या पुन्हा आवळल्या. जिन्याला खालच्या बाजूनं, जिथे आडवी आणि उभी फळी मिळतात, तिथे डिंक लावून पाचरी ठोकल्या आणि कोपऱ्यात लाकडी ठोकळे बसवले.

तुमच्याकडे सुतार लगेच मिळत नसेल, तर फटीत अंगाला लावायची पावडर किंवा मेणबत्तीचं मेण घाला. काही महिने आराम पडतो. तेल मात्र घालू नका. डाग पडतात, धूळ धरते आणि पाय घसरतो. नवं काम करून घेत असाल, तर फळ्या महिनाभर तरी घरात ठेवून मगच बसवायला सांगा, आणि भिंतीलगत बोटभर फट ठेवायला लावा.

आणखी एक. आवाजाबरोबर जमीन दबत असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, मातीच्या रेघा दिसत असतील किंवा दाभण सहज आत शिरत असेल, तर ती वाळवी किंवा कूज समजा. तिथे आवाज बंद करायच्या भानगडीत न पडता आधी जाणकाराला दाखवा.

माडी अगदी मुकी झाली असं मी म्हणणार नाही. जिन्याची तिसरी पायरी अजून थोडी कुरकुरते. पण त्या रात्री आई आडवी झाली, ती पहाटे काकड्याच्या वेळीच उठली.

मी निघाले त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले. माठाशेजारी रात्री मी उपडा घातलेला पेला सुलटा होता, तळाशी घोटभर पाणी. रात्री कोणीतरी खाली येऊन पाणी पिऊन गेलं होतं, आणि आम्हा दोघींपैकी कुणालाच कळलं नव्हतं. मी पेला विसळून पुन्हा उपडा घातला आणि काही बोलले नाही.