पँगाँगकाठची पत्रे

तांगत्से, जूनचा पहिला आठवडा

तीर्थरूप आबांस,
सा. न. वि. वि.

लेह सोडलं की कारूपर्यंत रस्ता सिंधूच्या काठानं जातो आणि मग सक्ती गावच्या जवाच्या शेतांमधून चांग ला खिंडीकडे चढू लागतो. खिंड १७,००० फुटांहून उंच. तिथं गाड्या थांबतात, माणसं कपभर गरम चहा घेतात आणि डोकं जड व्हायच्या आत पलीकडे उतरतात. खाली दुर्बुक लागतं, त्यापुढे तांगत्से. इथला ओढा श्योक नदीला मिळतो आणि श्योक सिंधूला.

पँगाँग सरोवराचं पाणी खारं का, हे कोडं या ओढ्याच्या दरीतच उलगडतं. एके काळी सरोवराचं पाणी इथूनच वाहत श्योकला जात होतं. पुढे मुगलिबकडच्या भागात डोंगरातून वाहत आलेल्या गाळगोट्यांनी दरी अडवली, हवा कोरडी होत गेली, पातळी उतरली आणि सरोवर कोंडलं. आता ओढ्यांचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी आत येतं, पण बाहेर जातं ते फक्त वाफ होऊन. क्षार मागे उरतात. भूमापक हेन्री गॉडविन-ऑस्टिन यांनी १८६३ मध्ये या भागाची मोजणी केली होती. सरोवर एके काळी वाहतं होतं याची साक्ष म्हणून काठावरच्या जुन्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडतात. आजच्या पाण्याच्या बऱ्याच वर, डोंगरउतारांवर, जुन्या काठांच्या आडव्या रेघाही दिसतात.

सरोवरकाठच्या लुकुंगच्या अलीकडे ओलसर कुरणं आहेत. तिथं मार्मोट बिळांतून बाहेर येतात. मांजराहून मोठा, जाडजूड, पिवळसर तपकिरी केसांचा हा प्राणी मागच्या पायांवर उभा राहून चौफेर बघतो आणि धोका दिसला की शीळ घालतो. त्यासरशी आजूबाजूचे सगळे बिळांत. वर्षातले सहा महिने, कधी त्याहून जास्त, तो जमिनीखाली झोपून काढतो. त्यासाठी लागणारी चरबी त्याला एवढ्याशा उन्हाळ्यात गवत खाऊन अंगावर चढवावी लागते. इथं मात्र रस्त्याकडेला गाड्या थांबतात आणि खिडक्यांतून बिस्किटं पडतात. एक मार्मोट दोन्ही पंजांत क्रीमचं बिस्किट धरून कुरतडत होता आणि हातभर अंतरावर मोबाइल रोखलेला असूनही पळत नव्हता. ज्याचं जगणं सावधपणावर चालतं, त्याची भीतीच आपण काढून घेतो आहोत.

स्पांगमिक

ती. आबांस,

सरोवर लांबीला सुमारे १३४ किलोमीटर आणि रुंदीला जास्तीत जास्त पाच. उंची साधारण ४,२५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून अधिक. लांबीचा जेमतेम एक तृतीयांश भाग भारताच्या ताब्यात आहे, उरलेला तिबेटात रुदोकपर्यंत जातो. पाणी एकच, पण ते दोन स्वभावांचं. पूर्वेकडचा भाग गोड्या पाण्याचा, तिथं मासे आहेत. पश्चिमेकडचा, म्हणजे आपल्याकडचा, खारट. स्पांगमिकच्या काठावर पाणी जिथं मागे हटलं आहे, तिथल्या गोट्यांवर क्षाराचा पांढरा पापुद्रा दिसतो. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड मोजता यावेत. पण त्यात वनस्पती फारच कमी, आणि मासे जवळजवळ नाहीतच.

पाणी खारं असूनही हिवाळ्यात ते काठापासून काठापर्यंत गोठतं. पारा उणे ३० च्या आसपास उतरतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच बर्फावरून लुकुंग ते मान या गावांदरम्यान २१ किलोमीटरची शर्यत झाली होती.

भारत आणि चीन यांच्यातली प्रत्यक्ष ताबारेषा या पाण्यातूनच जाते. उत्तर काठाला डोंगराचे सुळके पाण्यात उतरले आहेत. सैन्यानं त्यांना क्रमांक दिले आणि एक ते आठ ‘फिंगर’ अशी नावं २०२० च्या संघर्षात घराघरांत पोचली. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्यं दोन्ही काठांवरून मागे सरली. याच उत्तर काठावर सिरिजापच्या चौकीत ऑक्टोबर १९६२ मध्ये मेजर धनसिंग थापा आणि त्यांचे गोरखा जवान चिनी सैन्याशी लढले. थापा हुतात्मा झाले असं समजून त्यांना परमवीरचक्र जाहीर झालं. ते युद्धकैदी आहेत हे नंतर कळलं आणि ते जिवंत परतले.

पक्ष्यांना ही रेषा ठाऊक नाही. रुदोकच्या बाजूला पाण्यातल्या बेटांवर तपकिरी डोक्याचे कुरव आणि पट्टकादंब मोठ्या संख्येनं घरटी करतात. बेट असल्यानं कोल्हे-लांडग्यांची भीती कमी. आपल्या बाजूला कुरव थेट काठापर्यंत येतात आणि चक्रवाकांच्या जोड्या ओढ्याच्या मुखाशी चरतात.

आबा, हे पट्टकादंब तुम्ही उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात कितीदा पाहिले आहेत! राखाडी अंग, पांढरं डोकं आणि त्यावर दोन काळे पट्टे. लडाख, तिबेट आणि मंगोलियातल्या तळ्यांवर पिल्लं वाढवून हे पक्षी हिमालय ओलांडतात. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू जास्त घट्ट धरतं. शास्त्रज्ञांनी उपकरणं लावून पाहिलं, तेव्हा ते ७,००० मीटरहून उंच उडताना नोंदले गेले. एरवी ते उगाच उंची गाठत नाहीत, डोंगरांच्या चढउताराला धरून उडतात. उजनीकाठच्या भिगवणला पाहुणे म्हणून ज्यांचं कौतुक होतं, त्यांचा संसार असा या उघड्या, थंड पठारांवर मांडलेला असतो.

मेराक

ती. आबांस,

स्पांगमिकचे तंबू आणि हॉटेलं मागे पडली की मान आणि मग मेराक. जव आणि वाटाण्याची लहान शेतं, दगडी भिंती, याक. पुढचा रस्ता चुशूलकडे जातो. तिथल्या पाणथळीत काळ्या मानेचे क्रौंच येतात. लडाखनं त्यांना राज्यपक्षी केलं आहे. हा क्रौंच एका खेपेला साधारण दोनच अंडी घालतो, त्यामुळे एक पिल्लू गेलं तरी नुकसान मोठं. लष्करी तळ आणि पर्यटकांच्या उष्ट्यावर वाढलेली भटकी कुत्री आज त्याच्या पिल्लांची मोठी वैरी आहेत. मोकळ्या मैदानांत कियांग, म्हणजे तिबेटी रानगाढवं, दिसतात, आणि त्याच कुरणांवर चांगपा धनगर पश्मिन्याच्या शेळ्या चारतात. इथल्या कडक थंडीत या शेळ्यांच्या अंगावर तलम लोकर येते.

सारा प्रदेश चांगथांग अभयारण्यात येतो. पण २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात हे सरोवर दिसलं आणि इथं गर्दी लोटली. फोटो काढण्यासाठी गाड्या थेट पाण्यात घातल्या जातात. बाहेर वाट नसलेल्या सरोवरात सांडलेलं तेल आणि साबण जाणार कुठं? क्षारांसारखं तेही इथंच साठणार. सीमेचा प्रश्न सरकारं आणि सैन्यं सोडवतील; काठ सांभाळणं मात्र इथं येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आहे.

आपल्या गावातली मंडळी पुढच्या वर्षी इकडे यायचं म्हणत आहेत. त्यांना माझा निरोप सांगा: गाडी रस्त्यावरच ठेवा, मार्मोटला काही खाऊ घालू नका, घरट्यांच्या जवळ जाऊ नका आणि आपला कचरा लेहपर्यंत परत घेऊन या.

कळावे,
आपली धाकटी