बोटावरची नाडी

साधारण १९६० ते १९७५ या काळात जन्मलेल्या आणि वाड्यात, चाळीत किंवा सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेल्या आमच्या पिढीच्या घरात प्रकृती मोजायचं एकच साधन असायचं, ते म्हणजे थर्मामीटर. कपाटाच्या वरच्या खणात, प्लास्टिकच्या नळीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी. तो झटकून पारा खाली आणायचा मान वडिलांचा. ९८.४ वर लाल बाण, काखेत लावला तर एक मिळवायचा, हे हिशेब घरातल्या प्रत्येकाला पाठ. फुटला तर आधी ओरडा बसायचा आणि मग फरशीवर पळणारे पाऱ्याचे गोळे कागदाने गोळा करून आम्ही काडेपेटीत जपून ठेवायचो. तो पारा विषारी असतो, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

वजन घरात होत नसे, ते स्टेशनवर व्हायचं. लाल-पांढरे दिवे लुकलुकणाऱ्या त्या उंच यंत्रावर उभं राहायचं, आतली चक्री थांबेपर्यंत हलायचं नाही आणि मगच नाणं टाकायचं. खटकन पडणाऱ्या जाड तिकिटावर एका बाजूला वजन आणि भविष्य, दुसऱ्या बाजूला नट किंवा नटीचा फोटो. वजनापेक्षा फोटो कोणाचा आला यावर गाडी येईपर्यंत भांडण. उंचीसाठी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. मे महिन्यात सगळी मामेभावंडं जमली की एकेकाला चौकटीला टाच लावून उभं करायचे.

नाडी बघायचा अधिकार फॅमिली डॉक्टरांचा. मनगटावर तीन बोटं ठेवून ते घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत आणि पंधरा सेकंदांचे ठोके मोजून चाराने गुणत. एवढा वेळ आई श्वास रोखून उभी. मग कंपाउंडर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेल्या बाटलीत गुलाबी मिक्श्चर भरून देणार. आकडा किती आला ते आम्हाला कोणी सांगत नसे, आणि आम्हीही विचारत नसू.

या सगळ्या साधनांच्या आधी आजी होती. नातवंडं उठून मोरीकडे जाताना तिची नजर एकेकावरून फिरायची. ‘काल रात्रभर कूस बदलत होतास’, ‘डोळे ओढल्यासारखे दिसताहेत’, ‘आज हिचं जेवणात लक्ष नाही’ ही तिची निदानं. तिला ९८.४ ठाऊक नव्हतं, पण कोणाचं अंग एरवी कसं लागतं हे तिच्या तळहाताला माहीत होतं. आणि कपाळाला हात लावून ती थांबत नसे. गवती चहाचा काढा चुलीवर चढायचा, शाळेला सुट्टी मिळायची, रात्री मऊ भात.

व्यायामाचं म्हणाल तर शाळेतले सूर्यनमस्कार आणि कुठे आखाडा असलाच तर तो. बाकीचं चालणं कामातच व्हायचं. दुधाच्या केंद्रावरची रांग, रेशनचं दुकान, दळण, पाण्याच्या बादल्या, जिने. रोज दहा हजार पावलांचं आज घरोघरी जे बोललं जातं, त्याचं मूळ १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावात आहे. तो आकडा संशोधनातून निघालेला नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं, की साडेसात हजार पावलांच्या आसपास फायदा वाढायचा थांबतो. आमच्या आयांनी पावलं कधी मोजली नाहीत, आणि कमीही पडू दिली नाहीत.

आता आमची मुलं आमच्या साठीला स्मार्ट अंगठी आणून देतात. अंगठीकडून प्रकृतीची अपेक्षा करणं आमच्या घरांना नवीन नाही. मन स्थिर राहावं म्हणून मोती, रक्तासाठी पोवळं, सांधे धरले की तांब्याचं वेढं. त्या अंगठ्यांनी काय साधलं ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. ही नवी अंगठी मात्र खरोखर मोजते. तिच्या आतल्या बाजूचे बारीक दिवे हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कातडीत सोडतात. प्रत्येक ठोक्याला बोटातलं रक्त वाढतं-ओसरतं, तसा परत येणारा प्रकाश बदलतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. बोट आणि प्रकाश यांची ही जोडी आपण आधी पाहिलेली आहे. २०२०-२१ मध्ये घराघरांत बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावून ९४ च्या वर आहे ना, हे बघितलं जायचं, ते आठवा. त्यामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं.

या स्मार्ट अंगठ्यांपैकी ओरा फिनलंडची, अल्ट्राह्यूमन आपल्या बेंगळुरूची, आणि २०२४ मध्ये सॅमसंगचीही आली. वजन अगदी थोड्या ग्रॅमचं, चार्जिंग चार दिवसांपासून आठवडाभरापर्यंत पुरतं. स्मार्ट घड्याळ झोपताना टोचतं म्हणून बरेच जण काढून ठेवतात, अंगठी बोटात राहते. म्हणून तिचं खरं काम रात्रीचं: विश्रांतीतली नाडी, ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार, बोटाच्या त्वचेचं तापमान, झोपायची आणि उठायची वेळ. दोन-तीन आठवड्यांत तिला तुमचं ‘एरवीचं’ कळतं. मग रोजच्यापेक्षा नाडी वर गेली आणि अंग गरम लागलं, की सर्दी-ताप उघड होण्याआधीच ती कधीकधी सांगते. थर्मामीटर ९८.४ हा एकच आकडा सगळ्यांना लावायचा, ही अंगठी ज्याचं माप त्यालाच लावते. इथे ती आजीच्या तळहाताची रीत चालवते.

पण झोप गाढ किती आणि स्वप्नांची किती, हा तिचा निव्वळ अंदाज असतो. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात. बोटावरून त्या दिसत नाहीत. झोप कमी झाल्याचं यंत्र दाखवतं म्हणून काळजीने झोप उडालेल्या रुग्णांची हकिगत अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्येच लिहून ठेवली आहे. व्यायामाच्या बाबतीत ती आणखी उणी. वजनं उचलताना दांडा आणि बोट यांच्यामध्ये ती येते, हात हलले की नाडी चुकते, पडदा नसल्यामुळे पळता पळता आकडा बघता येत नाही. कणीक मळताना काढून ठेवावी लागते, आणि मग ओट्यावरून कुठे गेली म्हणून शोधाशोध. ज्यांची बोटं उन्हाळ्यात सुजतात त्यांनी मापाचा नमुना दिवसभर घालून मगच माप ठरवावं. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या अंगठ्यांच्या जाहिरातींना तर मुळीच भुलू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्पष्ट बजावलं, की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. मधुमेह्याने त्या आकड्यावर गोळी किंवा इन्सुलिन ठरवलं, तर ते जिवावर बेतू शकतं.

खर्चाचंही बघावं. भारतात आली तेव्हा सॅमसंगची अंगठी सुमारे ३९ हजारांना होती, आणि ती फक्त अँड्रॉइड फोनशीच बोलते. ओराला वर दरमहा वर्गणी आहे. आतली इवलीशी बॅटरी बदलता येत नाही, ती दमली की अख्खी अंगठी बाद. आमच्या घरात आईच्या पाटल्या मोडून बहिणीचं मंगळसूत्र झालं, आजीची अंगठी सुनेच्या बोटात आली. या अंगठीला मोड नाही आणि वारसही नाही. शिवाय आमचं दुखणं घरात आणि फार तर डॉक्टरांच्या कानात राहायचं, इथे ते कंपनीच्या साठ्यात जातं. अर्थात मुलगा परदेशात असेल, तर काही अ‍ॅपमध्ये आईची झोप त्याला तिथून दिसण्याची सोय आहे. आई झोपली नाही हे त्याला कळतं, फोन करायचा की नाही ते त्याने ठरवायचं. काढा करून द्यायला मात्र घरात कोणीतरी लागतंच.

तेव्हा आमच्या वयाच्या मंडळींना सांगणं एवढंच. झोपेच्या वेळा बिघडल्या असतील, घड्याळ घालून झोप येत नसेल आणि आकडा पाहून रात्रीचा टीव्ही लवकर बंद करायची तयारी असेल, तर अंगठी जरूर घ्या. अ‍ॅप रोज देतं त्या गुणांकडे न बघता महिन्याचा कल बघा. फक्त पावलं मोजायची असतील तर खिशातला फोन पुरतो. व्यायामासाठी घ्यायची असेल तर घड्याळ बरं. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप लागली, तर अंगठी काय म्हणते ते बघत बसू नका, तडक डॉक्टरांकडे जा. आणि मुलांनो, आईवडिलांना अंगठी द्याच, पण तिच्यात काय दिसलं ते आठवड्यातून एकदा त्यांच्याशेजारी बसून विचारा.