धानाचं फूल आणि तिसरा तास

बारावीच्या जीव विज्ञानाचा प्रोजेक्ट आमच्या अभनपुरात विकत मिळतो. स्टेशनरीच्या दुकानात विषय सांगायचा, आठवड्याभरात रायपूरहून सुबक अक्षरातली, रंगीत आकृत्यांची फाइल येते. एड्स, मधुमेह, डीएनए फिंगरप्रिंटिंग हे ठरलेले विषय. माझाही तसाच झाला असता; पण आमच्या मॅडमनी त्या वर्षी अट घातली की विषय आपल्या गावातला हवा आणि नमुना स्वतः आणायचा. वर्गातल्या निम्म्या लोकांनी तुळशीचे औषधी उपयोग घेतले. मी करगा घेतला.

करगा म्हणजे जंगली धान. आमचं घर मराठी. रायपूर आणि नागपूर 1956 पर्यंत एकाच प्रांतात होती, त्या काळात पणजोबा भंडाऱ्याकडून नोकरीसाठी इकडे आले आणि इथेच राहिले. गावाबाहेर थोडी शेती आहे, ती एक काकी अधियावर, म्हणजे अर्ध्या वाट्याने, करतात. दरवर्षी निंदणीच्या वेळी करग्यावरून त्यांची चिडचिड ऐकत मी मोठी झाले. करगा रोप असताना धानापासून वेगळा ओळखताच येत नाही. पान तेच, रंग तोच, उंचीही तीच. निंदायला बसलेली बाई काय उपटणार? आमच्याकडे फेकून पेरणी आणि मग बियासी करतात, म्हणजे महिन्याभराच्या उभ्या पिकात पाणी साठवून नांगर फिरवतात. त्यामुळे रोपं ओळीत नसतात आणि ओळीबाहेरचं ते तण हा सोपा नियमही लागू पडत नाही. मी पहिल्या दिवशी वही घेऊन बांधावर उभी राहिले तेव्हा काकी हसल्या. ‘‘बाली निकलन दे नोनी, तब चिन्हबे.’’ लोंब्या येऊ देत, मग ओळखशील.

लोंब्या आल्यावर मात्र लपत नाही. करग्याच्या दाण्याला लांब, खरखरीत कूस असते, बोटांत धरली तर उलट दिशेने ओढवत नाही. तांदूळ लालसर. आणि खरी गोम अशी की दाणा पिकला रे पिकला की गळतो. आपण कापणीला पोचेपर्यंत पुढच्या वर्षीची पेरणी त्याने स्वतःच उरकलेली असते. आपण लावतो त्या धानाचे पूर्वज नेमके इथेच बदलले. कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी न गळणाऱ्या लोंब्या घरी नेल्या, त्यांचंच बी पेरलं, आणि दाणा धरून ठेवणारं वाण माणसाच्या मागे लागलं. या गळण्यामागचं एक मुख्य जनुक, ‘एसएच4’, 2006 मध्ये सापडलं. पुस्तकात ‘पाळीव वनस्पतींचा विकास’ या मथळ्याखाली दोन ओळी आहेत. काकींच्या शेतात तो विकास आणि त्याचा नकार शेजारी शेजारी उभे होते.

एक मीटरची चौकट बांबूच्या कामट्यांची केली, ती शेतात ठिकठिकाणी टाकून आतली करग्याची झाडं मोजली. ते काम कंटाळवाणं असतं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाय चिखलात, वही कोरडी ठेवायची, एवढंच.

फूल बघायचं ठरवलं आणि तिथे घोडं अडलं. धानाचं फूल सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उघडतं आणि तासाभरात मिटतं. त्या वेळी मी शाळेत गणिताच्या तिसऱ्या तासाला असायची. संध्याकाळी शेतात जावं तर लोंबीवर फक्त सुकलेले पांढरे परागकोश लोंबत असायचे. रविवार आला की आभाळ भरून यायचं, आणि ढगाळ दिवशी फुलं आपली उशिरा उघडतात. शेवटी मॅडमनीच हेडसरांकडून दोन सकाळींची परवानगी काढली.

भिंग घेऊन एकाच लोंबीसमोर उकिडवी बसले. वरच्या फांद्या आधी फुलतात, मग खालच्या; एका लोंबीला आठवडाभर तरी लागतो. ऊन चढलं तशी एका दाण्याची दोन टरफलं किंचित फाकली. तळाशी दोन बारीक, पारदर्शक फुगे असतात, लॉडिक्यूल. ते पाणी शोषून फुगतात आणि टरफलं ढकलतात. मग सहा पुंकेसर डोळ्यांदेखत लांबत बाहेर आले. वाढताना वनस्पती दिसत नाही असं आपण म्हणतो, पण हे तंतू अक्षरशः सरकत होते. आत पिसासारखी दोन कुक्षी. पराग बहुतेक उघडता उघडताच आपल्याच कुक्षीवर सांडतो, म्हणून धान मुख्यतः स्वपरागित. ही ओळ मी परीक्षेसाठी पाठ केलेली होती. ‘मुख्यतः’ या शब्दाकडे मात्र तोपर्यंत लक्ष गेलं नव्हतं. उरलेला थोडा पराग वाऱ्यावर जातो, आणि शेजारी करगा फुललेला असेल तर तिकडेही पोचतो.

याचा परिणाम काय होतो, ते या भागातच घडून गेलेलं आहे. करगा ओळखू यावा म्हणून जांभळ्या पानांचं धान लावायची युक्ती इथे जुनी आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘श्यामला’ हे वाण त्यासाठीच काढलं. सगळं शेत जांभळं, त्यात हिरवं दिसेल ते उपटा, इतकं सोपं. पण जुन्या मध्य प्रांतात जांभळं धान लावून पाहिलं, तेव्हा काही हंगामांतच करगाही जांभळा होऊ लागला होता. थोडा संकर होत राहिला, आणि निंदणाऱ्या बायकांनी हिरवे करगे वेचून काढल्यामुळे जांभळेच तेवढे बी टाकायला उरले. नैसर्गिक निवडीचं उदाहरण म्हणून आम्हाला इंग्लंडमधले काळे-पांढरे पतंग शिकवतात. ते शिकवावेत, पण लभांडीची बस धरली की समोर कृषी विश्वविद्यालय आहे, हे कुणी सांगितलं तर बिघडत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक दोन, त्यातला एक बरा. परागकोश सकाळी तोडून ओल्या कागदात गुंडाळून नेले, कारण धानाचा पराग बाहेर पडल्यावर जेमतेम काही मिनिटं जिवंत राहतो. काचेवर सुईने कोश चिरडला, आयोडीनचा थेंब, वर कव्हरस्लिप. चांगल्या परागात स्टार्च भरलेला असतो, त्यामुळे तो काळानिळा होतो. पोकळ पराग पिवळट आणि सुरकुतलेला दिसतो. भिंगाखाली जांभळं पिकल्यासारखे गोल दाणे पसरले होते. वर्गातली सगळी मुलं एकेक डोळा लावून गेली. बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकून सातवीत बघितलेला रंग इथे पुन्हा दिसेल, असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

घरी आजीला करग्याबद्दल सांगितलं तर तिचं उत्तर वेगळंच. इथल्या शेजारणी कमरछठला पसहरचा भात खातात, नांगर न लागलेल्या जमिनीतलं, डबक्यात आपसूक उगवलेलं धान. आपली श्रावण वद्य षष्ठी तीच. त्यानंतर दोन आठवड्यांनी ऋषिपंचमीला आजी बैलाच्या कष्टाचं काही खात नाही, आणि तिच्या माहेरी त्यासाठी देवभात, म्हणजे असंच आपसूक उगवलेलं धान, मिळायचा. ‘‘म्हणजे तू ज्याला तण म्हणतेस ते आमचं उपासाचं,’’ ती म्हणाली. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत मी हे घातलं. पसहर वेचणाऱ्या बायका दाणा गळायच्या आधी पोचतात. म्हणजे करग्याचं वेळापत्रक त्यांना माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक.

लोंब्या निवडून वाण काढणाऱ्या दादाजी खोब्रागडे यांच्यावरचं पान मात्र मी हट्टाने जोडलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे, तिसरीपर्यंत शिकलेले, दीडेक एकराचे शेतकरी. 1983 मध्ये ‘पटेल 3’ धानात त्यांना वेगळ्या पिवळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निराळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या पेरल्या, आणि वाण निघालं एचएमटी, तेव्हाच्या घड्याळाच्या नावावरून. 2018 मध्ये ते गेले. छत्तीसगडच्या कुठल्याही किराणा दुकानात ‘एचएमटी’ मागा, पोतं पुढे येतं. आमच्या वर्गात तो तांदूळ रोज डब्यात असायचा आणि नाव कंपनीचं असावं अशी सगळ्यांची समजूत होती.

प्रायोगिक परीक्षा हिवाळ्याच्या शेवटी होते. तेव्हा शेतात धानाचं फूल तर सोडाच, काडीही उरलेली नसते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौकटीचे आकडे चाळले आणि सूत्री विभाजनाच्या अवस्था विचारल्या. मार्क चांगले पडले. पण हा मेळ मुळातच जमत नाही: शाळेचं वर्ष आणि खरीप यांची एकमेकांशी ओळख नाही, म्हणूनच तयार फायलींचा धंदा चालतो.

माझा धाकटा भाऊ आता अकरावीत आहे. त्याला मी तिवरा, म्हणजे लाखोळी, सुचवला आहे. कापणीच्या आधी उभ्या धानातच उतेरा म्हणून पेरतात, माघात निळ्या फुलांवर येतो, मेंडेलच्या वाटाण्याचाच सगोत्र, आणि रायपूरच्याच विश्वविद्यालयाने त्यातलं विष कमी असलेली ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ ही वाणं काढली आहेत. त्याच्या फुलाला गणिताचा तास आड येत नाही. दुपारीही उघडंच असतं.