स्वप्नातली जाग

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्यातला ‘मनी’ हा शब्द आपण सहसा तपासून पाहत नाही. पाऊस लांबला की शेतकऱ्याच्या स्वप्नात ढग दाटतात. निवृत्त होऊन वीस वर्षे लोटली तरी शिक्षकाला परीक्षेस उशीर झाल्याचे स्वप्न पडते. ही झाली चिंता. परंतु जिच्याशी आपला कसलाही जिव्हाळा नाही, अशी एखादी गोष्ट काही तास नुसती डोळ्यांपुढे नाचली, तर तीही मनी वसते काय?

अमेरिकेतील निद्राशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टिकगोल्ड व त्यांचे सहकारी यांनी २००० साली याचे उत्तर दिले. त्यांनी २७ जणांना तीन दिवसांत सुमारे सात तास ‘टेट्रिस’ हा संगणकावरील खेळ खेळावयास लावला. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून नीट बसवावयाचे, एवढाच तो खेळ. त्यांपैकी १७ जणांना झोप लागता लागता ठोकळे पडताना दिसू लागले. खेळणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे पाच रुग्णही होते. आपण हा खेळ खेळलो, हेच त्यांना आठवत नसे. तरीही त्यांच्यातील तिघांना ठोकळे दिसलेच! मनाच्या ओटीवर ज्याची नोंद नव्हती, ते मागच्या दाराने माजघरात जाऊन बसले होते.

मग जो खेळ पडद्यावर न राहता आपल्याला चहूबाजूंनी वेढून टाकतो, त्याचे काय होत असेल? आभासी वास्तव, अर्थात ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’, हा तसा खेळ आहे. त्याचे मूळ तत्त्व जुने आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दाखविली की मन त्यांतून खोली निर्माण करते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ सालीच दाखविले होते. पुढे १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढविण्याचे असे यंत्र केले की मान वळविली की चित्रही वळे. ते इतके अवजड होते की छताला टांगावे लागे. आज तेच यंत्र मोठ्या चष्म्यासारखे डोळ्यांवर बसते.

कॅनडातील मॉन्ट्रियल येथे संशोधकांनी या यंत्रातून लोकांना आकाशात उडविले आणि मग त्यांच्या स्वप्नांची विचारपूस केली. २०२० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: पुढील एक-दोन रात्री उडण्याची स्वप्ने वाढली, आणि त्या स्वप्नांत आपण स्वप्नात आहोत याचे भान व स्वप्नावरचा ताबाही अधिक होता.

हे वाचनात आले तेव्हा आम्हाला नवल वाटले नाही, कारण त्याचा अनुभव आम्ही घेतला होता. नाताळच्या सुट्टीत परदेशाहून आलेल्या भाच्याने ते यंत्र आमच्या डोळ्यांवर चढविले होते. “मामा, हात पसरा आणि पुढे झुका,” तो म्हणाला. आम्ही ओटीवरच्या खुर्चीत बसून कुठल्याशा बर्फाच्छादित डोंगरांवरून अर्धा तास उडत राहिलो. घरची मंडळी हसून बेजार झाली.

त्याच रात्री आम्ही पुन्हा उडालो. पण डोंगर नव्हते. खाली आमची वसईची जुनी वाडी होती, केळीची बाग होती, बागेच्या कडेला काठोकाठ भरलेले बावखल होते. वडील कुदळीने पाट वळवीत उभे होते. ते पाहिले आणि मनात लख्ख उजाडले: बावखल बुजवून त्यावर इमारत उभी आहे, वडिलांना जाऊन तीस वर्षे होत आली, तेव्हा हे स्वप्न आहे!

अशा स्वप्नास ‘ल्यूसिड ड्रीम’ म्हणतात. आपण त्यास सभान स्वप्न म्हणू. हे नाव प्रचारात आणणारे डच वैद्य व साहित्यिक फ्रेडरिक व्हॅन ईडन यांनी १९१३ साली आपल्या ३५२ सभान स्वप्नांचा वृत्तांत मांडला. पुष्कळ वर्षे विद्वानांना ही कविकल्पना वाटे. गाढ स्वप्नावस्थेत शरीर लुळे असते, केवळ डोळे हलतात. म्हणून १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी झोपणाऱ्याशी आधीच संकेत ठरविला: स्वप्नाचे भान आले की डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे फिरवावयाचे. यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले.

हे भान सरावाने येऊ शकते. दिवसातून अनेकदा थांबून स्वतःस विचारावयाचे, ‘हे खरे आहे की स्वप्न?’ प्रश्नाची सवय जडली की तो झोपेतही उठतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी हा सराव स्वप्नसदृश आभासी जगात चार आठवडे करून घेतला. काहीच सराव न केलेल्यांच्या तुलनेत त्या लोकांची सभान स्वप्ने स्पष्टपणे वाढली, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. खोट्या जगात वावरून खोटे ओळखण्याची नजर येते, असा याचा अर्थ करता येईल. तथापि त्या नजरेची झळ खऱ्या जगासही लागते. २०१० साली कॅनडातील एका अभ्यासात असे आढळले की आभासी जगातून परतलेल्यांना खऱ्या जगातले आपले अस्तित्व काहीसे पातळ झाल्यासारखे वाटत होते.

आमच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न घोळत राहिला. आमच्या घराण्यात शेती सोडून नोकरीस लागलेले आम्ही पहिले. वडील त्यावर कधी रागावले नाहीत, आणि ‘बरे केलेस’ असेही कधी म्हणाले नाहीत. आता ते आमच्यासमोर उभे होते आणि हे स्वप्न आहे हे आम्ही जाणत होतो. अशा वेळी स्वप्न हवे तसे वळविता येते म्हणतात. तो एक शब्द त्यांच्याकडून वदवून घेणे शक्य होते. पण तो शब्द कोणाचा असता? ओठ त्यांचे आणि बोल आमचे. आम्ही गप्प राहिलो. त्यांनी पाट वळविला, मान वर केली नाही. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग जाग आली.

२०२० साली दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीवर एका मातेची तिच्या दिवंगत लहान मुलीशी आभासी जगात भेट घडविण्यात आली. माता हात पुढे करून हवेला कुरवाळीत होती आणि यंत्रातले बालक ठरवून दिलेले शब्द बोलत होते. त्या मातेच्या अश्रूंवर टीका करण्याचा अधिकार आम्हाला नाही. परंतु उद्या हीच सोय घरोघर आली, आणि तिच्या सरावाने स्वप्नेही आपल्या आज्ञेत आली, तर आपली गेलेली माणसे आपल्याला हवे तेच बोलू लागतील. ज्यांच्या मौनासाठी आपण त्यांना ओळखत होतो, ती माणसे मग उरणार नाहीत.

या संदर्भात एक जुनी गोष्ट आठवते. इसवी सन ४१५ च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी इव्होडियस यांस लिहिलेल्या पत्रात कार्थेज येथील वैद्य गेनाडियस यांचे स्वप्न सांगितले आहे. तारुण्यात मृत्यूनंतरच्या जीवनाविषयी त्यांना शंका होती. स्वप्नात एका तरुणाने त्यांना विचारले, तुझे शरीर कुठे आहे? बिछान्यात, ते उत्तरले. डोळे मिटलेले आहेत ना? होय. मग मला कोणत्या डोळ्यांनी पाहतोस? गेनाडियस निरुत्तर झाले. स्वप्नातले भान त्यांनाही आले, पण त्यांनी त्या तरुणाला आपल्या मनातले बोलावयास लावले नाही. प्रश्न विचारणारा तो होता, आणि त्याच्या प्रश्नातूनच त्यांची शंका फिटली.

भाचा ते यंत्र घेऊन परत गेला. ‘हे खरे आहे काय?’ असे दिवसातून दोनदा स्वतःस विचारण्याची सवय आम्ही ठेवली आहे. ती उपकारकच आहे. बावखलाच्या काठी पुन्हा जाणे झाले, तर आम्ही वडिलांशेजारी उभे राहू. बोलायचे की नाही, ते त्यांनी ठरवावे.