उतरण्यासाठी चढ

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवताना एक गोष्ट बरीच वर्षे माझ्या लक्षातच आली नव्हती. मराठी प्रवासवर्णनांत मुले फारशी नसतात. गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते काकांबरोबर. बायको आणि घरची माणसे मागे राहिली. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आले. पुढे ‘अपूर्वाई’तून विलायत पाहिली ती पु. ल. आणि सुनीताबाई या दोघांनी. प्रवासी सडाफटिंग असतो, फार तर जोडीने असतो. त्याची भूक, त्याचे दुखणे, त्याची भीती ही त्याची स्वतःची असते, आणि म्हणूनच ती नंतर रंगवून सांगता येते. मुले बरोबर असली की साहसाचा अर्थच बदलतो. तेव्हा धोका पत्करणारा एक असतो आणि तो भोगणारा दुसरा.

याला एक ठळक अपवाद आहे. पण त्याला आपण प्रवासवर्णन म्हणत नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळ येथील. त्या सहा महिन्यांच्या असताना आईवडिलांनी ते घर सोडले. वेताच्या पेटीत घालून त्यांना डोंगराखाली आणले गेले आणि तेथून त्यांचे चालणे सुरू झाले ते पुढची कित्येक वर्षे थांबले नाही. अनंतशास्त्री डोंगरे, लक्ष्मीबाई आणि तीन मुले असे हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करीत, पुराण सांगत, मिळेल त्यावर गुजराण करीत देशभर हिंडले. या भटकंतीतच लक्ष्मीबाईंनी मुलीला संस्कृत शिकवले. आणि या भटकंतीतच, १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत, वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेली दोघे भावंडे उत्तरेपर्यंत चालत गेली. झेलमच्या काठी थंडीची रात्र काढताना त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि डोकी तेवढी बाहेर ठेवून वाळू अंगावर ओढून घेतली, असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. सांगताना आवाज थोडा भारावतो, मुले शांत होतात, तास चांगला झाल्याचे समाधान मिळते. त्या वाळूतली थंडी मला कळली नव्हती, हे समजायला २०२२ चा जून उजाडावा लागला.

पुण्याहून आपल्या गाडीने लेहला जायचे, हा हट्ट माझा होता. (असे हट्ट पुरुषांचे असतात असा समज आहे, आमच्याकडे उलटे होते.) नवऱ्याला गाडी चालवायला आवडते, पण त्याला घाटमाथा पुरे असतो. थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊचा. नाशिक, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, चंडीगड असे मजल दरमजल करीत सुमारे दोन हजार किलोमीटर कापून आम्ही मनालीला पोहोचलो. या रस्त्याने मला जे दिले ते मी नाकारणार नाही. पाट्यांवरची नावे, ढाब्यावरच्या पोळीची जाडी, माणसांचे हेल हळूहळू बदलत जातात आणि देश नावाची गोष्ट पाठ्यपुस्तकातून बाहेर पडून अंगाला लागते. मुले मागच्या आसनावर भांडत होती, झोपत होती, पुन्हा भांडत होती. सारे ठीक चालले होते. फक्त कोट्याला गाडीने दोन दिवस खाल्ले आणि रजेचे गणित बिघडले.

ते दोन दिवस मी डोंगरात वसूल करायचे ठरवले. चूक तेथे झाली. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, हे मी वाचले होते. वहीत लिहूनही घेतले होते. तरी आम्ही जिस्पाहून, म्हणजे सुमारे ३,२०० मीटरवरून, एका दिवसात सरचूला गेलो. सरचू सुमारे ४,२९० मीटरवर आहे. नवरा जिस्पालाच म्हणाला होता, “इथे अजून एक दिवस काढू.” मी म्हणाले, “सगळेच जातात.” शिकलेल्या माणसाचे अज्ञान यापेक्षा वेगळे नसते. माहिती असते, ती आपल्यासाठी नसते एवढेच.

सरचूच्या राहुटीत रात्री अकराला धाकटा उठून बसला. “आई, डोकं ठणकतंय.” मग उलटी झाली. मग आणखी एक. औषध दिले, पाणी पाजले, पांघरुणे वाढवली. बाहेर वारा राहुटीचे कापड असा हापटत होता की आम्हाला एकमेकांशी मोठ्याने बोलावे लागत होते. मी त्याला टाचेला बोट लावून सरळ रेषेत चालायला सांगत होते. तोल जाऊ लागला तर मेंदूवर परिणाम होऊ लागल्याचे ते लक्षण असते, हेही वहीत होते. बाराला तो नीट चालला. दीडला चालला, पण कंटाळून. अडीचला तो तिसऱ्या पावलाला कलंडला आणि हसला. ते हसू मी विसरू शकत नाही.

उंचीच्या आजारावर खरा उपाय एकच : खाली उतरणे. पण सरचूची गोम अशी की तेथून खाली जायला सरळ वाटच नाही. लेहच्या बाजूला पाच हजार मीटरच्या वरचे घाट आहेत. मागे केलाँगकडे यायचे तर मध्ये बारालाचा ला आहे, सुमारे ४,८९० मीटरचा. म्हणजे उतरण्यासाठी आधी सहाशे मीटर चढायचे, तेही ज्याला चढच सोसत नाही अशा मुलाला घेऊन. मी म्हणाले, उजाडू दे, अंधारात नको. नवरा बूट घालत होता. “आजवर तू ठरवलंस, मी गाडी चालवली,” तो म्हणाला. “आता मी ठरवतो. निघायचं.” त्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

छावणीच्या म्हाताऱ्या रखवालदाराने प्राणवायूची एक नळकांडी आणून दिली आणि तो म्हणाला की बच्चे का मामला है, सुबह का इंतज़ार मत करो. रात्री थंडीने बर्फ वितळणे थांबते, त्यामुळे रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांना त्या वेळी पाणी कमी असते, हेही त्यानेच सांगितले. खिंडीपर्यंतचे तीस-पस्तीस किलोमीटर मी धाकट्याला मांडीवर घेऊन त्याला झोपू न देता काढले. पाढे म्हणून घेतले, नातेवाइकांची नावे विचारली. थोरली पुढे बसून बापाला रस्त्यावरचे दगड दाखवत होती. ती एकदाही रडली नाही, आणि तेरा वर्षांच्या मुलीने त्या वेळी रडू नये हेच मला अधिक लागले. खिंडीत दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या. आयुष्यात इतके सुंदर दृश्य मी इतक्या तिरस्काराने पाहिलेले नाही.

दारच्याला पोहोचलो तेव्हा उजाडले होते. धाकट्याने डोळे उघडून बिस्किट मागितले. केलाँगच्या दवाखान्यात त्याला प्राणवायू लावला, दिवसभर ठेवून घेतले. संध्याकाळी तो सरळ रेषेत चालला; न सांगता, मला दाखवण्यासाठी.

लेहला आम्ही गेलो नाही.

परत आल्यावर रमाबाई पुन्हा वाचल्या. पूर्वी मी ते लेखन मुलीच्या बाजूने वाचत असे. या वेळी आईवडिलांच्या बाजूने वाचले. अनंतशास्त्र्यांची श्रद्धा आणि माझी हौस यांची तुलना करणे उद्धटपणाचे होईल. त्यांना परतायला घर नव्हते. मला होते, गाडी होती, रजा होती. पण एक प्रश्न दोहोंना सारखाच लागू पडतो. मुलांना आपल्या वाटेने नेण्याचा हक्क आईबापांना कितपत असतो? अकरा दिवस रानातला पाला आणि पाणी यांवर काढायला लावणारी ती वाट, आणि स्त्रीला संस्कृत देणारीही तीच वाट. १८७८ साली कलकत्त्याने जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले ती घरात राहून झाली असती का, हे विचारणे सोपे आहे; पण वाटेत मेलेल्या थोरल्या बहिणीला त्या प्रश्नात जागा नाही. फळ मिळाले म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही, हे मी आता वर्गातही सांगते. तास पूर्वीइतका रंगत नाही.

उरलेले चार दिवस आम्ही लाहौलमध्येच काढले. तांदी येथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात. बारालाचाच्या परिसरात उगम पावून त्या दोन वेगळ्या वाटांनी येथवर येतात. काठावर बसलो असताना थोरलीने विचारले, “ही आपलीच चंद्रभागा का?” मी म्हणाले, “नाव तेच, नदी वेगळी. हिला पुढे चिनाब म्हणतात.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पुढच्या वेळी तू आम्हाला विचारशील ना?”

वारीला माणसे पोराबाळांसह चालतात, पण ती ज्ञानोबा-तुकोबांच्या चालीने चालतात, आणि मुक्काम ठरलेले असतात. कोणाला घाई नसते. एवढे साधे शहाणपण मला दोन हजार किलोमीटरवर जाऊन एका नऊ वर्षांच्या मुलाच्या पावलांत शोधावे लागले.

लेकीला मी हो म्हटले आहे. पुढचा बेत अजून ठरलेला नाही. मुलांचे एकमत होत नाही. असो.